रुळावर ताणलेली तार

लेस पॉल शाळकरी वयाचा होता तेव्हाची ही गोष्ट. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात वॉकेशा नावाचं गाव आहे, तिथे १९१५ साली त्याचा जन्म झाला. पोरगा गिटार छान वाजवायचा, पण उघड्यावर वाजवायला बसला की मागे उभ्या असलेल्या माणसाला काही ऐकू जात नसे. त्याने फोनोग्राफची सुई गिटारच्या लाकडात खुपसली आणि आवाज रेडिओतून काढला. आवाज मोठा झाला, पण पोकळ पेटी स्वतःच घुमायला लागली आणि सूर घोंगावला. मग त्याने गिटारच्या पोटात चिंध्या कोंबल्या. तेवढ्याने भागेना म्हणून प्लास्टर भरलं. शेवटी पोकळी मुळातच नको असं ठरवून त्याने रेल्वे रुळाचा हातभर तुकडा घरी आणला, त्यावर एक तार ताणली, तारेखाली टेलिफोनच्या रिसीव्हरचा भाग ठेवला आणि तो आईच्या रेडिओला जोडला. तार छेडली तर सूर विझेचना.

आईने मात्र ते वाद्य मोडीत काढलं. घोड्यावर बसलेला गवई रूळ कुठे सांभाळणार, असा तिचा साधा सवाल होता. लेस पॉल ही आठवण म्हातारपणीही रंगवून सांगत असे. आईचं म्हणणं खरंच होतं, पण त्या रुळाने पोराला दाखवलं तेही खरंच होतं. पुढे १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या एपिफोन कंपनीच्या कारखान्यात रविवारी सुट्टीच्या दिवशी जाऊन त्याने चार इंच बाय चार इंचाच्या पाइनच्या ओंडक्यावर तारा चढवल्या. लोकांना तो नुसता ओंडका पाहवेना. म्हणून एक गिटार मधोमध कापून तिच्या दोन फाका त्याच्या दोन बाजूंना लावल्या. आवाजाशी त्या फाकांचा फारसा संबंध नव्हता, त्या प्रेक्षकांच्या डोळ्यांसाठी होत्या. गिब्सन कंपनीने आधी त्याला परत पाठवलं. १९५० मध्ये लिओ फेंडरची भरीव लाकडाची गिटार बाजारात आली, आणि १९५२ मध्ये गिब्सननेही लेस पॉलच्या नावाची गिटार काढली.

ही गोष्ट नंदिनी नगरमध्ये बसून वाचली की अंगाला वेगळी लागते. छत्तीसगडात भिलाईपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, भिलाई पोलाद कारखान्याच्या चुनखडीच्या खाणींसाठी वसलेली ही वसाहत. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. भट्टीत लोहखनिजातली वाळू वितळवून वेगळी काढायला चुना लागतो, आणि तो चुना देणारा दगड नंदिनीतून जातो. पुढच्याच वर्षी, १९६० मध्ये, रूळ लाटणारी गिरणी चालू झाली. आज तिथून निघणारे रूळ जोडून २६० मीटर लांबीचे करून रेल्वेला दिले जातात. मुंबई-हावडा मार्गावर नागपूर सोडून गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग असं येताना खालून जो नाद येतो, त्यात या दगडाचा वाटा आहे. विदर्भातून इकडे नोकरीला आलेल्या मराठी कुटुंबांचा तर हा येण्या-जाण्याचाच रस्ता.

आजचा रूळ मीटरला ६० किलो भरतो. नुसता साठ सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा तरी छत्तीस किलोचं वाद्य मांडीवर घ्यावं लागेल. शिवाय रेल्वेचा रूळ उचलून आणणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे नंदिनीत कुणी रुळाची गिटार करत बसावं असं मी सुचवत नाही. पण रुळाने जो प्रश्न विचारला तो इथल्या कुठल्याही घरात, तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि जुन्या चौकटीचं सागवान घेऊन विचारता येतो. मी तो तसाच विचारला.

प्रश्न असा. तार छेडताना बोट तिला ठरावीक ताकद देतं, त्याहून जास्त ताकद तिच्याकडे कुठून येणार? ती ताकद तिने लगेच पेटीला दिली तर पेटीचा पातळ पडदा हलतो, खोलीतली हवा हलते, आवाज मोठा येतो आणि लवकर संपतो. पेटीच्या जागी रूळ असेल तर तो हलायला तयार नसतो. तो तारेकडून काही घेत नाही, म्हणून तार स्वतःशीच बराच वेळ झंकारत राहते, पण आवाज बारीक. आवाज मोठा हवा की लांब हवा, याचा निवाडा वाद्य करणाऱ्याने करायचा असतो. दुकानातल्या गिटारमध्ये तो निवाडा आधीच कुणीतरी करून ठेवलेला असतो आणि विकत घेणाऱ्याला तसा काही निवाडा झाल्याचं कळतही नाही. घरी वाद्य करण्याचं कारण मला विचाराल तर हेच आहे. पैसे वाचवणं हे कारण नव्हे. स्वस्त गिटार आता कुठेही मिळते आणि तिचा सूर माझ्या डब्याहून नीट असतो.

मोठा आवाज निवडलेली वाद्यं आपल्याकडे किती आहेत! शाहिराच्या मागे उभ्या असलेल्या साथीदाराचं तुणतुणं घ्या. खाली कातडं मढवलेलं लाकडी नळकांडं, त्याला बाहेरून ठोकलेली काठी, आणि कातड्याच्या मधोमध निघून काठीच्या खुंटीला बांधलेली एकच तार. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात सैनिक सिगारच्या लाकडी खोक्याला दांडी लावून वाद्य करत. एडविन फोर्ब्स या चित्रकाराने १८७६ च्या एका कोरीव चित्रात ते दाखवलं आहे. ते खोकं आणि आपलं तुणतुणं शेजारी ठेवलं तर दोन्हीमागची युक्ती एकच दिसते. पालघर-डहाणूकडच्या वारल्यांच्या घांगळीला पोकळ बांबूची दांडी, दोन टोकांना दोन भोपळे आणि मेणाने बसवलेले पडदे असतात. विदर्भातल्या आणि छत्तीसगडच्या गोंडांचे प्रधान किंगरी किंवा बाना वाजवून बडादेवाची गाथा गातात, आणि ते वाद्यही घराच्या आसपास मिळणाऱ्या लाकूड-कातड्याचंच असतं.

बस्तरचं धनकुल पाहिलं की मी तर दर वेळी थांबतोच. मातीचं मडकं, मडक्याच्या तोंडावर सूप, आणि सुपावर टेकवलेलं धनुष्य. धनुष्याच्या दांडीला खाचा पाडलेल्या असतात आणि त्यावरून बांबूची चिरलेली काडी घासत गुरुमाय म्हणवणाऱ्या बायका रात्र-रात्र जगार गातात. लछमी जगार, तिजा जगार अशी ही लांबलचक गेय कथनं कोंडागावच्या हरिहर वैष्णव यांनी आयुष्यभर फिरून लिहून काढली; ते २०२१ मध्ये गेले. त्याच वर्षी प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात छत्तीसगडचा चित्ररथ लोकवाद्यांचा होता. धान्य पाखडायचं सूप आणि पाण्याचं मडकं यांपासून वाद्य होऊ शकतं हे ज्या प्रदेशाला इतकं पूर्वी सुचलं, तिथे तेलाच्या डब्याची गिटार ही काही नवलाई नाही. भिलाईतच रिखी क्षत्रिय यांनी छत्तीसगडची शंभराहून अधिक लोकवाद्यं जमवून जपली आहेत. त्यातली कितीतरी आता गावांतूनही दिसेनाशी झाली. या संग्रहाला कायमची, मोठी जागा मिळायला हवी असं मला फार वाटतं. मुलांनी वाद्य काचेआडून पाहू नये, हातात घेऊन त्याची गाठ कुठे बांधलीय ते बघावं.

भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंनी तंबुरा एका हाताने उंच धरला की तो भीमाची गदा व्हायचा, हे त्यांची पंडवानी, म्हणजे गाऊन सांगितलेलं महाभारत, पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या साथीला बसणाऱ्यांत हार्मोनियम, तबला, ढोलक यांच्याबरोबर एक बेंजोही असायचा. हा बेंजो म्हणजे आपल्या मुंबईतल्या गणपतीच्या बेंजो पार्टीतलाच. त्याचं मूळ जपानात. नागोया शहरातल्या मोरिता गोरो याने १९१२ मध्ये तारांच्या वाद्याला टाइपरायटरसारखी बटणं लावली, त्या वाद्याला तैशोगोतो म्हणतात. ते हिंदुस्थानात आलं, बुलबुलतरंग झालं, पुढे त्याला विजेची जोड मिळाली. टंकलेखन यंत्राची कळ जपानी तारेवर बसते, लालबागच्या मिरवणुकीत नाचवते आणि छत्तीसगडच्या चौकात महाभारताला साथ करते. वाद्यांचा इतिहास म्हणजे अशाच जोडाजोडीचा इतिहास आहे. शुद्ध, मूळ, अस्सल असे शब्द वापरणाऱ्यांनी कधीतरी बेंजोचं झाकण उघडून पाहावं.

आता डब्याकडे. पत्र्याचा डबा ताण सहन करत नाही, हे पहिलं ध्यानात घ्यायचं. सहा पोलादी तारांच्या गिटारवर सगळ्या तारांचा मिळून सत्तर किलोच्या आसपास ताण असतो. तीन तारांवर त्याच्या निम्मा धरला तरी डबा चेपलाच. म्हणून दांडी डब्याला चिकटवायची नाही, डब्याच्या आरपार न्यायची. एका टोकाला खुंट्या, दुसऱ्या टोकाला दाराची बिजागरी, आणि बिजागरीच्या भोकांत तारांची टोकं. सगळा ओढा सागवानाने सोसायचा आणि डब्याने फक्त घोडीखालचा थरथराट उचलायचा. घोडी म्हणून आट्यांचा एक जाड बोल्ट आडवा ठेवला की काम होतं. आट्यांत तार आपोआप बसते आणि घसरत नाही. डब्याच्या आत दांडी पत्र्याला टेकता कामा नये. तिला तिथे थोडं खोलवर तासायचं, नाहीतर पत्रा मुका होतो. चौकटीचं जुनं लाकूड यासाठी चांगलं, कारण कित्येक उन्हाळे-पावसाळे पाहून त्याचं वाकणं-फुगणं आधीच होऊन गेलेलं असतं.

तारा बाजारच्या गिटार-संचातल्या पाचवी, चौथी आणि तिसरी. पाचवी एक पट्टी उतरवायची, की तिन्ही मिळून पांढरी पाचमध्ये सा, प, वरचा सा असे लागतात. जगभर खोक्याची गिटार करणारे हौशी लोक हीच जुळणी वापरतात, कारण त्यात एक बोट आडवं ठेवून साथ करता येते. आपल्या कानाला मात्र ती ऐकताच तंबोऱ्याची आठवण होते. मोकळ्या तारा छेडल्या आणि घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवला, तर जवारीचाही थोडा भास येतो.

मग पडदे. इथे खरी मजा आहे आणि इथेच बहुतेक लोक कागदावरचं तयार माप चिकटवून मोकळे होतात. तार साठ सेंटिमीटर लांब धरली तर बाजारच्या पद्धतीने पहिला पडदा ३३.७ मिलिमीटरवर येतो: लांबीला १७.८१७ ने भागायचं, उरलेल्या लांबीला पुन्हा तितक्यानेच, असं बारा वेळा, की तार बरोबर निम्मी होते. गॅलिलिओचे वडील विन्सेंझो गॅलिलेई हे ल्यूट वाजवणारे. त्यांनी १५८१ च्या ग्रंथात यासाठी साधा १८ चा आकडा सांगितला होता. १८ ने भागत गेलं तर बाराव्या पडद्यावरचा सूर कागदावर जरासा उतरतो. पण बोटाने दाबताना तार ताणली जाऊन सूर थोडा चढतो, त्यामुळे ती उणीव बरीचशी भरून निघते. कागदावर सगळं बरोबर आणि बोटाखाली चूक, यापेक्षा हा हिशेब मला जास्त शहाणा वाटतो.

आमच्या शेजारी कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी माझ्या खुणा पाहिल्या आणि पट्टी बाजूला ठेवायला लावली. “प्रत्येक माप एकाच टोकापासून घे रे. मागच्या खुणेपासून पुढची खूण काढत गेलास, की चूक साठत जाते. बाराव्यापर्यंत पोचशील तेव्हा ती ऐकू येईल.” मिलिमीटरच्या अंशावर आयुष्य घालवलेल्या माणसाला संगीताची माहिती नसली तरी सुरांची गरज नेमकी कळली होती. पडदे म्हणून सायकलच्या आऱ्या वापरायची कल्पनाही त्यांचीच: कापायच्या, कानशीने टोकं मारायची आणि उथळ खाचेत बसवायच्या.

आता गंधार. साठ सेंटिमीटरच्या तारेवर बाजारच्या मापाने शुद्ध गंधाराचा पडदा १२३.८ मिलिमीटरवर येतो. पण तंबोरा नीट जुळला की त्यातून जो स्वयंभू गंधार आपोआप उमटतो, त्याचा पडदा लावायचा तर तो १२० मिलिमीटरवर हवा, म्हणजे तारेचा चार-पंचमांश भाग वाजता राहील असा. जवळजवळ चार मिलिमीटरचा फरक. पंचमात हा फरक अर्ध्या मिलिमीटरचा आहे, मध्यमातही तेवढाच. ते कानाला जाणवत नाहीत. गंधार जाणवतो. खालच्या दोन तारा सा-प धरून राहिल्या आणि वरच्या तारेवर आधी बाजारचा, मग १२० वरचा गंधार लावला, तर संगीत न शिकलेल्या माणसालाही दुसरा शांत वाटतो. पुस्तकातून हे मला कधी इतकं पटलं नव्हतं. खाच कुठे पाडायची ते करवतीला सांगावं लागलं, तेव्हा पटलं.

मराठी माणसाने या चार मिलिमीटरांसाठी फार जीव आटवला आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीकडचे, डेप्युटी कलेक्टरच्या नोकरीतून निवृत्त झालेले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातले सूर तारेच्या लांबीवर मोजून त्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. अर्नेस्ट क्लेमंट्स नावाचे आयसीएस न्यायाधीश त्यांना येऊन मिळाले आणि त्यातून श्रुतींची हार्मोनियम तयार करण्यापर्यंत मजल गेली. दोघांचाही पोटापाण्याचा धंदा संगीत नव्हता. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. तिच्या मागेही हाच ठरीव सुरांचा वाद होता. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम बनवली, तेही पेशाने वैद्यकातले. मिरजेला फरीदसाहेबांपासून शिकलगार घराण्यांनी तलवारी-भाल्यांना धार लावायचं सोडून तंबोरे-सतारी घडवायला घेतल्या, आणि २०२४ मध्ये त्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हत्यारं घासणारा हात सूर घासू लागला, कचेरीतला अधिकारी श्रुती मोजू लागला. या परंपरेत हौशी माणूस कधीच उपरा नव्हता.

डब्याचा आवाज खोलीपुरता पुरतो. त्याहून पुढे न्यायचा तर लेस पॉलचाच रस्ता. चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे देऊन पोलादी तारेखाली ठेवले की तारेच्या हलण्याने त्यात वीज उमटते. १९३१-३२ मध्ये जॉर्ज बोशँप आणि रिकनबॅकर यांनी तव्यासारखी दिसणारी गिटार याच तत्त्वावर काढली. पंख्याची मोटर भरणाऱ्या दुकानातली तार यासाठी जाड पडते. केसाहून बारीक, ४६ नंबरच्या आसपासची लागते आणि ती हातात तुटते. सोपा मार्ग म्हणजे बझरमधली पितळी चकती. दाब पडला की तिच्यावरच्या स्फटिकात वीज निर्माण होते. हा गुण क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला होता. चकती घोडीखाली पत्र्याला आतून चिकटवली आणि दोन तारा डाकून ध्वनिवर्धकाला जोडल्या, की डबा बोलतो. आवाज थोडा पत्र्याचाच येतो. मला तो आवडतो.

बोशँपची ती तवा-गिटार पोलादी कांडी तारांवरून सरकवून वाजवायची होती, हवाईयन पद्धतीने. हीच पद्धत आपल्याकडे मींडेसाठी वरदान ठरली. जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरांनी शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर १९६७ मध्ये केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी घराघरांत वाजली. विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी घेतलं. कोलकात्याचे देबाशिष भट्टाचार्य तर स्वतःची वाद्यं स्वतःच आखत आले. यांना बाजारात जे मिळालं ते पुरेना, म्हणून त्यांनी बाजारचं वाद्य उघडलं.

आणि घरी केलेल्या गिटारांत जगात सगळ्यात नावाजलेली गिटार एका बाप-लेकाची आहे. लंडनच्या ब्रायन मे याला पंधरा-सोळाव्या वर्षी फेंडर परवडत नव्हती. वडील हॅरॉल्ड मे इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार. १९६३ मध्ये दोघांनी काम सुरू केलं. दांडी जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महोगनीची, तिला पडलेली किडीची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवलेली. बॉडीत जुन्या टेबलाचं ओक. कंपाची यंत्रणा मोटरसायकलच्या इंजिनातल्या दोन स्प्रिंगांची आणि सुरीच्या पात्याची, तिचा दांडा सायकलच्या पिशवीच्या टेकूचा, त्याच्या टोकाला आईच्या विणकामाच्या सुईचं बोंड. पडद्यांवरच्या खुणा शिवणाच्या डब्यातल्या शिंपल्याच्या बटणांच्या. क्वीन या बँडची बहुतेक सगळी गाणी याच गिटारवर वाजली, आणि मे आजही तीच वाजवतात. २००७ मध्ये त्यांनी खगोलभौतिकीत डॉक्टरेटही पुरी केली. मला यात सर्वात मोलाचं वाटतं ते वडिलांनी दिलेलं एवढ्या सगळ्या वेळेचं दान. भिलाई-नंदिनीच्या क्वार्टरांमध्ये असे कुशल वडील आणि आजोबा घराघरांत आहेत. लेथ, वेल्डिंग, कॉइल, मोजमाप यांत त्यांचा हात बसलेला आहे, आणि निवृत्तीनंतर त्या हाताला काम नाही. एखाद्या शाळेने आठवड्यातला एक तास त्यांना दिला तर नववीच्या पोरांना पडद्यांच्या मापांमागचा लघुगणक फळ्यावर शिकवावा लागणार नाही.

माझ्या पुढच्या वाद्याला आऱ्यांचे ठोकलेले पडदे नसतील. दांडीची पाठ गोल तासून तिच्याभोवती मासे धरायच्या जाड नायलॉन दोरीचे पडदे सतारीसारखे गाठ मारून बांधायचे, म्हणजे ते सरकवता येतील. राग भूप असेल तर गंधार १२० वर. दरबारी काढायचा झाला तर कोमल गंधाराची दोरी आणखी खुंट्यांकडे. काकांचं मत आहे की नायलॉन उन्हाळ्यात ढिला पडेल आणि त्याऐवजी तांत शोधावी. तांत मिळाली तर मिरजेहूनच मिळेल.